गिरणीचा गाळ, पेणचा गणपती

नाकावरचा रुमाल काढा आधी, मग ऐका. मी गाळ बोलतोय. रोह्याबाहेरच्या कागद गिरणीच्या मागे जो खड्डा आहे ना, त्यातला ओला, करडा, चिकट गाळ.

माझा जन्म कुणी मनावर घेतला नाही. झाड शिजवलं, त्याचा लगदा केला, लांब लांब धागे कागदाला गेले. जे आखूड धागे आणि पांढरी भुकटी पाण्याबरोबर वाहून आली, तो मी. कागदावर लोक लग्नपत्रिका छापतात, आणि त्याच्या सख्ख्या भावाला खड्ड्यात लोटतात. पावसाळ्यात खड्डा भरला की गिरणीचे व्यवस्थापक दत्तात्रेय साहेब खिडकी लावून घेत, आणि मी ओढ्याने गुपचूप कुंडलिका नदीत उतरत असे. खिडकी लावली की पाप दिसत नाही, अशी या शिकलेल्या माणसांची समजूत असते.

एका उन्हाळ्यात पेणहून सुरभी आली. तिचे सासरे सखाराम, सगळे त्यांना सखाशेठ म्हणतात, त्यांचा गणपतीच्या मूर्तींचा कारखाना. सुरभीला प्लॅस्टरऐवजी कागदाच्या लगद्याची मूर्ती करायची होती, म्हणून ती गिरणीत रद्दी मागायला आली होती.

साहेब हसले. "रद्दी नाही मिळायची. मागचा खड्डा उपसून न्या हवा तर. ती घाण फुकट आहे."

चारचौघांनी हसून घेतलं. सुरभीने मात्र खरंच चार गोण्या भरल्या आणि टेम्पोत चढवल्या. मला उचलताना तिने नाक दाबलं नाही, हे मी विसरलेलो नाही.

कारखान्यात सखाशेठ गोण्यांभोवती फिरून आले. "ह्याचा देव करतेस? डोकं ठिकाणावर हाय ना गो?"

"एक तर करून बघू द्या, बाबा. जमलं तर मला कारखान्यातला एक कोपरा द्या. माझं काम मी तिथे करीन."

"चतुर्थीपर्यंत कुणी ती मूर्ती नेली तर कोपरा तुझा. नाय तर धाटावच्या कंपनीत पॅकिंगला जायचं, निमूट बसमध्ये बसायचं. कबूल?"

"कबूल."

तिने मला जुन्या लुगड्यात पिळलं, चिंचोक्याची खळ घालून मळलं आणि साच्यात दाबलं. साच्यातून काढल्यावर सोंड, कान, पोट सगळं जागच्या जागी होतं. मग मला सावलीत ठेवलं, आणि इथेच सगळे फसले.

पेणमध्ये मूर्तीला ऊन दाखवत नाहीत. शाडू उन्हात तडकतो, म्हणून पिढ्यानपिढ्या सावलीत सुकवायची रीत. पण मी शाडू आहे का? माझ्या पोटात पाणी, ते सावलीत जाणार कुठे? मला ऊन हवं होतं. पण एवढ्या मोठ्या कारागिरांच्या गावात गाळाला कोण विचारतो! सुरभीही पेणचीच सून, तिलाही दुसरं सुचलं नाही. आठवड्याभरात माझ्या पोटावर हिरवी बुरशी चढली, आंबूस वास सुटला, आणि सुरभी मला उचलायला गेली तर सोंड तिच्या हातात आली, बाकीचा मी खाली ढासळलो.

माझे तुकडे गोळा करून सखाशेठनी परसातल्या पत्र्यावर भिरकावले आणि धाटावच्या बसची वेळ विचारायला निघून गेले. सुरभी साच्याजवळ बसून रडली. मलाही वाईट वाटलं. गाळालाही वाटतं.

पुढे एका सकाळी ती पत्र्यावर पोह्याचे पापड वाळत घालायला चढली. माझ्या तुटक्या हातावर तिची बांगडी आपटली, तशी ती थबकली. तिने पुन्हा ठोकून पाहिलं. मी लाकडासारखा कडक झालो होतो, आणि एक तडा नव्हता.

तिने माझे तुकडे भिजवून पुन्हा मळले. प्लॅस्टरला हे जमत नाही बरं का, ते एकदा मोडलं की कायमचं मोडलं. या वेळी गणपती पापडांशेजारी उन्हात बसला. सगळी आळी हसत होती. रंग चढला, डोळ्यांची आखणी झाली, तसं हसणं बंद झालं. ज्यांनी वासाने तोंड फिरवलं होतं, तेच आता लांबून हात जोडत होते. माणसांची भक्ती रंगापासून सुरू होते, त्याखाली काय आहे ते त्यांना नको असतं.

पण सुरभी प्रत्येक गिऱ्हाइकाला खरं सांगायची, आणि गिऱ्हाईक शेजारची प्लॅस्टरची मूर्ती उचलायचं. सखाशेठ दात खात म्हणाले, "तोंड बंद ठेव ना गो जरा!" तिने ठेवलं नाही.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी दारात गाडी थांबली. दत्तात्रेय साहेब आणि त्यांची बायको इंदुबाई! बाईंनी मला सहज उचललं आणि चकित झाल्या. "केवढी हलकी! गेल्या वर्षीच्या मूर्तीने कंबर धरली होती माझी. कशाची गो ही?"

"काकू, साहेबांच्या गिरणीमागच्या गाळाची."

सखाशेठनी डोळे मिटले. साहेबांचा चेहरा उतरला. "त्या घाणीचा देव? चल, दुसरी बघू."

"घाण केली कोणी?" इंदुबाईंनी मला खाली ठेवलं नाही. "इथे नसती आली तर कुठे गेली असती?"

साहेब खिडकीबाहेर पाहू लागले.

"मग माझ्या मखरातच बरी."

सखाशेठनी खिडकीजवळच्या कोपऱ्यातली प्लॅस्टरची पोती स्वतः ओढून बाहेर नेली. सुरभी निरोपाला गाडीपर्यंत आली. "काकू, घरीच बादलीत विसर्जन करा, आणि लगदा मला परत पाठवा. पुढचा गणपती त्याचाच करीन."

आज दीड दिवस झाला. रोह्यातल्या मखरात बसून मी पाहतोय. साहेबांनी माझ्यापुढे दोनदा लोटांगण घातलं. खड्ड्यात असताना त्यांनी माझ्याकडे कधी वाकूनसुद्धा पाहिलं नव्हतं. अंगणात इंदुबाई बादली भरतायत. साहेबांना मात्र कुंडलिकेवरच्या अष्टमी गावाच्या पुलापर्यंत मिरवणूक हवी आहे, लोकांना दिसायला नको का! दारात ताशेवाला उभा आहे.

साहेब, एवढं एकदा ऐका. मला बादलीत बुडवा. पेणला एका कोपऱ्यात सुरभी साचा पुसून वाट पाहत बसली आहे. आणि तो ताशेवाला परत पाठवा. मला कुंडलिकेत सोडायला तुम्हाला आजवर कधी ताशा लागला नव्हता.