मेणाचं बूच

ग्लेनिसनं पहारीचं टोक फळीखाली सरकवून अंगाचा भार टाकला. फळी सुटताच भिंतीतून जे ओघळलं ते थेट तिच्या बुटावर पडलं. मध म्हणावा तर मध नव्हता. तपकिरी, फेसाळ, शेंबडासारखा लगदा होता आणि त्यात तांदळाएवढ्या पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. सडक्या संत्र्यांचा वास सुटला.

ऑस्ट्रेलियातल्या मेरीबरोच्या या लाकडी घरात टॅमसिन ऑक्टोबरात राहायला आली होती. जानेवारीचं ऊन तापलं तशी भिंत पाझरायला लागली. अळ्या रांगत मुलीच्या पाळण्याच्या पायापर्यंत पोचल्या तेव्हा तिनं मधमाश्यांची पोळी काढणाऱ्या बिडगुड बाप-लेकीला फोन लावला.

"यात एकही मधमाशी जिवंत नाही," ग्लेनिस म्हणाली. "कुणीतरी विषाची पूड मारलीये आणि भोक बंद केलंय. माश्या मेल्या की पोळ्याची राखण कोण करणार? मग हे काळे भुंगेरे शिरतात आणि अंडी घालतात."

"पण आधीचा मालक तर म्हणाला, माणूस बोलावला होता, माश्या गेल्या उडून," टॅमसिन म्हणाली.

"गेल्या उडून! मढं भिंतीत पुरायचं आणि वरून रंग फासायचा. असल्या माणसांच्या तोंडावर थुंकावंसं वाटतं मला."

हे बोलण्याचा तिला हक्क होता, असं निदान तिला वाटत होतं. बिडगुड माशी मारत नाहीत, हे गावात कुणीही सांगितलं असतं. पोळं हातानं कापायचं, राणीसकट पेटीत बसवायचं आणि रानात नेऊन ठेवायचं. व्हॅनच्या दारावर 'आम्ही मारत नाही' ही अक्षरं तिच्या बापानं, क्लॅरीनं, स्वतः रंगवली होती. मे महिन्यापासून गेला हिवाळाभर ग्लेनिस ब्रिस्बेनला आजारी मावशीपाशी होती. सप्टेंबरात ती परतली तेव्हा त्यानं धंदा तिच्या हवाली केला. त्या अक्षरांमुळेच कामं येत होती आणि तिला त्यांचा ताठाही होता.

आता सत्तरीचा क्लॅरी बादली धरून तिच्या कोपराशी उभा होता. अंगात नुसता बनियन, डोकं उघडं. ती लगदा ओंजळीनं काढून बादलीत टाकत होती आणि तो बादलीत बघत होता.

माश्यांची येण्याजाण्याची वाट खालच्या फळीत सापडली. कीटक मारणारे औषधवाले भोकात नळीतली खळ दाबतात आणि चालू पडतात. इथे मात्र लाकडाचं बूच नीट तासून बसवलं होतं आणि त्याभोवती मेणात बुडवलेली कापडाची पट्टी गुंडाळली होती. कापड हिरव्या चौकड्यांच्या शर्टाचं होतं. असं बूच मारायला ग्लेनिस आठ वर्षांची असताना क्लॅरीकडून शिकली होती. त्याचा तो शर्टही तिनं कितीदा दोरीवर वाळत घातला होता.

"टॅमसिन, जरा पाणी मिळेल?"

टॅमसिन आत गेली.

"एरवी गाडीतून उतरत नाहीस तू," ग्लेनिस हळू आवाजात म्हणाली. "गुडघे दुखतात म्हणतोस आणि काचा वर करून बसतोस. आज मी फळीला हात लावायच्या आधीच इथे येऊन उभा राहिलास. तोंडावर जाळीसुद्धा न घालता. आत काही जिवंत नाही हे ठाऊक होतं तुला."

क्लॅरीनं बादली या हातातून त्या हातात घेतली.

"मे महिन्यात मानेवर चावली एक," तो म्हणाला. "घसाच आवळला. शेडमध्ये पडून होतो. डॉक्टर म्हणाला, पुढची चावली तर संपलास."

"मग सांगायचंस ना, डॅड."

"काय सांगणार? पन्नास वर्षं माश्यांत काढली आणि आता माशी बघितली की पाय लटपटतात? पबात तोंड दाखवायला जागा राहिली नसती."

"म्हणून विष."

"लांबून मारता येतं ते."

तिला दया यायला हवी होती. आली ती शिसारीच. विषाची आली, पण त्याहून जास्त आली ती मघाच्या त्याच्या गप्प राहण्याची. ती थुंकण्याच्या गोष्टी करत असताना हा माणूस बादली पुढे करत होता. तिनं हात पँटला पुसले. चिकटा तसाच राहिला.

टॅमसिन पाण्याचा ग्लास घेऊन आली. कडेवर मुलगी होती.

"कोण असेल हो तो? कळेल का काही?"

क्लॅरीनं लेकीकडे बघितलं. त्या नजरेत विनवणी होती आणि ती ग्लेनिसला अळ्यांपेक्षाही बघवेना.

"आम्हीच," ती म्हणाली. "आमच्याच गाडीतून आला होता. ही भिंत मी पुरी साफ करून देते."

टॅमसिननं पुढे केलेला ग्लास तसाच मागे घेतला आणि मुलीचं डोकं खांद्याशी धरलं.

ग्लेनिस बापाकडे वळली.

"अजून किती घरं?"

"ग्लेन, इथे नको."

"इथेच. किती?"

"पोस्टामागचं," त्यानं अंगठा दुमडला. "नदीकाठच्या विधवेचं. चर्चचा हॉल. दाताच्या डॉक्टरचं. त्याच्या भावाचं."

पाचवं बोट मिटलं तेव्हा तिला वाटलं, संपलं. क्लॅरीनं खाली वाकून बादली जमिनीवर ठेवली आणि दुसरा हात मोकळा केला.