अर्ध्या मिशीचा ट्रेबल

पैज लागली जिन्यात, आणि तीही अर्ध्या मिशीवर.

खटपट्या घरी व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या रेडिओतल्या काचेच्या नळ्यांचा, गिटार अँप बनवतोय हे समोरच्या कानसेनला कळलं आणि त्याने नाक मुरडलं. आयुष्यात सोल्डरिंगला हात न लावलेला माणूस, पण दाराची बेल वाजली तरी म्हणायचा, "टोन जरा कोरडा आहे."

"घरच्या डब्यातून आवाज येतो रे, टोन नाही," तो म्हणाला.

"तुला फरक कळतो?"

"ट्रेबलचा नॉब केसभर फिरव. डोळे मिटून सांगतो."

"पाचदा फिरवतो. फिरवला की 'आत्ता' म्हणायचं. एकदा जरी चुकलास, अर्धी मिशी तुझी गेली. नाहीतर माझी."

खटपट्या शीळ घालत घरी आला. अँपची जुळणी मात्र त्याने जीव लावून केली होती. गिटारच्या तारांतून येते ती नुसती कुजबुज. पहिला व्हॉल्व्ह तिला आवाज देतो. मग जाड, मधले, बारीक सूर कमीजास्त करणारे बास, मिडल, ट्रेबल हे तीन नॉब मिळून त्यातलं बरंचसं गिळतात, म्हणून उरलेलं उचलायला दुसरा व्हॉल्व्ह. असं सगळं जमून आलं होतं, आणि या पठ्ठ्याने ट्रेबलच्या नॉबची तार कापून टाकली. नॉब फिरेल, बदलणार काहीच नाही, कानसेन वाटेल तिथे 'आत्ता' ओरडेल, मग झाकण उघडून सगळ्यांना दाखवायचं. दुसऱ्या व्हॉल्व्हकडे जाणारं कापलेलं टोक त्याने तसंच लोंबकळत ठेवलं. झाकणाखाली कोण बघतंय.

संध्याकाळी बिल्डिंगच्या अंगणात खुर्च्या लागल्या. खटपट्याचा मेहुणा गिटारवर एकच सूर छेडत बसला. कानसेन डोळे मिटून असा बसला, की जणू त्याच्यासाठीच ध्वनीचा शोध लागलाय.

खटपट्याने नॉबला हात लावला.

भुऽऽण.

हात जवळ येताच झाकणाखाली लोंबकळणाऱ्या तारेने हातातून आसपासच्या विजेची गुणगुण पकडली, आणि दुसऱ्या व्हॉल्व्हने ती इमानदारीत मोठी करून अंगणभर पसरवली. हात काढला, भुणभुण बंद.

"आत्ता," कानसेन.

"आत्ता," तिसऱ्या मजल्यावरच्या आजी. त्यांना एरवी कुकरची शिट्टीही ऐकू येत नाही.

खटपट्याने एका बोटाने फिरवला. भुण. रुमाल गुंडाळून फिरवला. भुण. पाचही वेळा कानसेनचं 'आत्ता' अचूक, आणि मागून आजींचंही.

"अरे, तो नॉब कशालाच जोडलेला नाही," खटपट्या शेवटी खेकसला.

मेहुण्याचा हात थांबला.

"म्हणजे पैज लावून तारच कापलीत?" खटपट्याची बायको म्हणाली. "शाबास तुमची."

कानसेनने सावकाश डोळे उघडले. "जोडलेला नसेल. पण फिरवताना ट्रेबलला एक भरीव गोडवा यायचा. मी काय खोटं बोलेन?"

खटपट्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भुणभुणीला गोडवा म्हणणारा हा गाढव, आणि अख्खी बिल्डिंग त्याच्या कानांसाठी टाळ्या वाजवत होती. पण पैज नॉब फिरल्याचं ओळखायची होती, आणि ते त्याने ओळखलं होतं.

कोपऱ्यावरचा न्हावी पेटी घेऊन आला. "कुठली बाजू?"

"डावी," कानसेन म्हणाला. "ती जरा पातळ वाजते."

फेस लागला. खटपट्या समोरच्या भिंतीकडे बघत राहिला, आणि सगळ्यांसमोर डावी मिशी टॉवेलवर पडली.