पाकिटावरचा शिक्का

औषध कंपनीच्या फिरत्या माणसावर साहेबाचा विश्वास किती, तर पोस्टाच्या शिक्क्याएवढा. ज्या गावात डॉक्टरांना भेटलात, तिथल्याच पेटीत दिवसाचा रिपोर्ट टाकायचा. शिक्का गगनबावड्याचा असला तर तुम्ही तिथं गेलात, नसला तर घरी झोपा काढल्यात. शहाण्णव साली कारभार इतका सरळ होता.

मंगळवार पेठेतला धम्मपाल आणि त्याच कंपनीतला विश्वजित, दोघांनाही दर मंगळवारी गगनबावड्याला जावं लागे आणि तिथून पुढे चार दिवस खाली कोकणात. विश्वजितला घरी राहायचं असलं की तो भरलेली पाकिटं आदल्या दिवशीच धम्मपालच्या बॅगेत सरकवायचा. कधी मेव्हण्याचं लग्न, कधी नुसताच कंटाळा. भर पावसात एसटीतून उतरून धम्मपालनं ती शर्टाच्या आत धरून पेटीपर्यंत नेली होती. दोस्तासाठी एवढं करावंच लागतं, असं त्याला वाटायचं. भाबडा होता बिचारा.

मग कोल्हापूर शहराची जागा रिकामी झाली. फिरती बंद, रोज संध्याकाळी घरी. दोघांतल्या एकाला ती मिळणार होती आणि धम्मपालला जिवापाड हवी होती. त्याची चार वर्षांची संघप्रिया शेजाऱ्यांना सांगायची, आमचे पप्पा रविवारी येतात.

नेमका त्याच आठवड्यात तिला टायफॉइड झाला. आत्ता रजा मागितली तर साहेबाच्या मनातून उतरू, या भीतीनं धम्मपालनं नोकरीत पहिल्यांदाच आपलं मंगळवारचं पाकीट विश्वजितच्या हातात दिलं.

"टाकशील न्हवं?"

"ही काय सांगायची गोष्ट हाय व्हय? तू पोरीजवळ बस."

पंधरा दिवसांनी शाहूपुरीतल्या ऑफिसात हंबीरराव साहेबांनी ते पाकीट त्याच्यापुढं ठेवलं. शिक्का कोल्हापूरचा होता. शेजारी त्याच दिवसाचं विश्वजितचं पाकीट, त्यावर गगनबावडा.

"साहेब, पोरगी दवाखान्यात होती. आणि विश्वजितचीसुद्धा..." बोलता बोलता तो थांबला. साहेबांनी विश्वजितची फाईल उघडली होती. वर्षभराची मंगळवारची पाकिटं, सगळ्यांवर गगनबावड्याचा शिक्का. त्यातली निम्मी तर धम्मपालनं स्वतः पेटीत टाकली होती. आता कोण खरं मानणार?

"माणूस असा असावा," साहेब म्हणाले. "शहर त्यांना दिलंय. त्यांची फिरतीही आता तुम्हीच बघा."

जिन्याखाली विश्वजित उभा होता. धम्मपालच्या अंगाची आग होत होती. तरी वेड्या मनाला वाटतच होतं, की काहीतरी चूक झाली असेल.

"गडबडीत ऱ्हायलं व्हय रं माझं पाकीट?"

विश्वजितनं नजर चुकवली नाही.

"न्हाय. पेटीपाशी दोन्ही हातातच हुती," तो म्हणाला. "मलाबी घरी ऱ्हायचं हाय की, धम्मा."