वरच्या विहिरीचं पाणी

कोळशाच्या खाणीभोवतालच्या पाण्याचे नमुने तो सरकारी तपासणीसाठी बाटल्यांत भरून न्यायचा, म्हणून खालच्या वस्तीत त्याचं नावच बाटलीवाला पडलं. दाजी तर चारचौघांत मुद्दाम विचारायचे, आज किती बाटल्या झाल्या? तोही हसायचा. तेव्हा हसू यायचं.

ताईचं घर खाणीच्या खालच्या अंगाला. खाणीत साचलेलं पाणी उपसून बाहेर सोडायचे ते तिच्याच विहिरीच्या बाजूनं वाहायचं. बघता बघता विहीर नासली. चहा शाईसारखा काळा व्हायचा, पांढरे कपडे पिवळे, आणि भाचीचं पोट कधी धड म्हणून नाही. ताईचा एकच घोशा, खाण नळ कधी देणार? आणि नळ मिळायचा की नाही, ते ठरायचं भावाच्या बाटल्यांवर.

नियम असा, की खाणीच्या वरची एक विहीर तपासायची आणि खालची एक. वरची चांगली आणि खालची वाईट निघाली, तर दोष खाणीचा. खाणीनं नळ द्यायचा. दोन्ही सारख्याच निघाल्या, तर दोष जमिनीचा. जमिनीकडे काय मागणार, कपाळ? नियम झाला तेव्हा ठीक होतं. पण खाण आतल्या आत पुढे सरकली, बोगदे वरच्या विहिरीच्याही खाली पोचले आणि तिचंही पाणी बिघडलं. म्हणजे खाणीनं घाण जितकी लांबवर पसरवली, तितकी ती निर्दोष ठरली. आता बोला! त्यानं साहेबांना सांगून पाहिलं, विहीर बदला म्हणून. साहेब म्हणाले, ठिकाण नकाशावर ठरलंय, तू आपली बाटली भर.

वरची विहीर एका निवृत्त शिक्षिकेची. सगळे त्यांना बाई म्हणत. मुलगा कामासाठी परगावी, घरात बाई आणि पोटुशी सून. बाईंना पाण्याचा संशय होताच. त्या वयात त्या लांबून कॅन वाहून आणायच्या, सुनेला विहिरीचा थेंब देत नसत. नळासाठी त्यांनीही अर्ज केला होता.

एकदा ताईनं त्याला दारातच अडवलं. भाची आत कण्हत होती.

"तू माझा भाऊ आहेस की खाणीचा?"

घाव वर्मी बसला. दुसऱ्या दिवशी बाईंच्या विहिरीला वळसा घालून तो टेकडी चढला, माथ्यावरच्या झऱ्याचं नितळ पाणी भरलं आणि बाटलीवर लिहिलं, वरची विहीर. इतक्या वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा खोटं भरलं, आणि खरं सांगायचं तर त्याला फार बरं वाटलं. खोट्या नियमाला खोटी बाटली. फिट्टंफाट!

अहवालात वरचं पाणी उत्तम निघालं, खालचं पिण्यास अयोग्य. नाक दाबल्यावर तोंड उघडतंच. खाणीनं निमूटपणे ताईच्या दारात नळ आणला. भाचीच्या गालांवर रंग आला. दाजींनी चेष्टा न करता त्याची पाठ थोपटली. सुखाची झोप लागली त्याला.

पुढच्या खेपेला तो बाईंकडे गेला. ओट्यावर सून बसली होती, हातात पाण्याचा पेला. कॅन कोपऱ्यात पालथे घातलेले. बाई कौतुकानं सांगायला लागल्या, की अहवाल आला, पाणी उत्तम म्हणे, म्हणून नळाचा अर्ज मागे घेतला आणि कॅन वाहणंही थांबवलं.

"साहेबांवर मी विश्वास ठेवला नसता," बाई म्हणाल्या. "पण म्हटलं, बाटली तू भरलेली आहेस."

त्याला वाटलं, सांगून टाकावं, आत्ताच्या आत्ता. पण सांगितलं की अहवाल रद्द, ताईचा नळ बंद, आणि भाची पुन्हा त्याच पाण्यावर. सून पेला तोंडाला लावत होती. मेल्याच्या तोंडून शेवटी निघालं काय?

"उकळून प्या."

उकळून जंतू मरतात. खाणीचं जे मिसळलंय ते तसंच राहतं. हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? बाईंनी मात्र मान डोलावली, लगेच भांडं चुलीवर चढवलं, आणि त्याला म्हणाल्या, किती रे काळजी करतोस.

त्यानं त्यांच्या देखत विहिरीतून बाटली भरली. वळणाआड गेल्यावर ती ओतून दिली आणि टेकडी चढायला लागला.