तीन पानांची चाचणी

दर रविवारी सकाळी मी इंटरनेटवर मतं वाटतो. कुणी मागितलेली नसतात, म्हणून सदराचं नावच ‘फुकटचं मत’. विज्ञानाच्या, कॉम्प्युटरच्या, इंटरनेटच्या आठवड्याभरातल्या पाच बातम्या उचलायच्या आणि प्रत्येकीवर चार ओळी ठोकून द्यायच्या. नवा ग्रह सापडला, द्या मत. बॅटरी म्हणे पाच मिनिटांत भरते, द्या मत. पोटासाठी मी एका विमा कंपनीत नेटवर्क सांभाळतो, म्हणजे दिवसभर लोकांना ‘बंद करून परत चालू करा’ असं सांगत फिरतो. तिथे माझं कुत्रंही ऐकत नाही. रविवारी मात्र चार हजार माणसं ऐकायची. डोक्यात हवा जायला एवढं पुरे होतं.

त्या चार हजारांत माझी थोरली बहीण पहिली. ताईला त्यातलं निम्मं कळायचं नाही, पण वाचायची सगळं. वर ऑफिसात सांगत सुटायची, “माझा भाऊ लिहितो.” तिच्यामुळे तिचे साहेबसुद्धा वाचायला लागले. मला फोन केला की सुरुवात ठरलेली, “काय शास्त्रज्ञ, जेवलात का?”

ताई जन्ममृत्यूच्या नोंदींच्या कचेरीत, जुन्या दफ्तरात. सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीच्या हाती लिहिलेल्या नोंदवह्या वाचायच्या आणि कॉम्प्युटरवर चढवायच्या. अकरा वर्षं हेच काम, दर वर्षी करार नवा. त्या विभागात तिघी बायका, ताई त्यांतली सगळ्यात जुनी. शाई उडालेली, कागदाला कसर लागलेली, आणि लिहिणारे कारकून एकाहून एक नग. ताईने त्यांना नावं ठेवली होती. एक होता कोंबडीपाय. एक घाईवाला, तो अर्धं नाव लिहून पुढे रेघ ओढायचा. एक रडका, कारण त्याच्या वहीत प्रत्येक पानावर पाण्याचे डाग. खिडकीशी पान तिरपं धरून ती ओळ ओळ लावायची. नाहीच लागली तर त्या जागी ‘वाचता येत नाही’ असं लिहायची. “अंदाजाने कुणाच्या बापाचं नाव लिहू का मी?” असं म्हणायची. आजोबांचा जन्म सिद्ध करायला माणसं लांबून येतात, नाव चुकलं तर घर-जमीन अडकते, हे तिला रोज समोर दिसत होतं.

मागच्या वर्षी एका कंपनीने हस्ताक्षर वाचणारा प्रोग्राम काढला. जुनी कागदपत्रं फोटोवरून वाचतो म्हणे. बातमी माझ्या पाचांत होतीच. या खेपेला मला हुक्की आली, नुसतं मत काय द्यायचं, चाचणी घेऊनच देऊ. ताईला फोन लावला.

“ताई, तुझ्या त्या वह्यांतली तीन पानं पाठव ना. फोटो काढून.”

“कशाला रे?”

“अगं, एक गंमत करून बघायचीये. नीट दिसतील अशी पाठव हं, मागच्या वेळेसारखी नको, काही म्हणजे काही दिसत नव्हतं.”

तिने दुपारी तीन फोटो पाठवले. पिवळट कागद, निळी शाई, दोन्ही बाजूंना लाल रेघा. मी प्रोग्रामला घातले. दहा सेकंदांत सगळं वाचून समोर. मी फोटोशी ताडून पाहिलं, तीन पानांत मिळून एक चूक. मी खुर्चीतून उठलोच. मग लिहिलं. शीर्षक दिलं, ‘दफ्तराला आता माणूस कशाला?’ फोटो टाकले. आणि वर मखलाशी केली, ‘त्या काळचे कारकून काय अक्षर काढायचे! आजच्या पोरांनी बघून घ्यावं.’ विनोद म्हणून शेवटी ठोकलं, की एक यंत्र तीन माणसांचं काम करेल आणि चहाला उठणार नाही.

तीन माणसं कोण, हे मला ठाऊक होतं. लिहिताना आठवलं नाही, असं म्हणणार होतो, पण ते खोटं आहे. आठवलं होतं. म्हटलं, ताईला काय होतंय, ती तर इतकी जुनी.

चार हजारांचे साठ हजार झाले. आयुष्यात पहिल्यांदा माझं लिहिलेलं परत माझ्याचकडे फिरून आलं, आमच्या विम्याच्या ऑफिसातल्या ग्रुपवर. जो मॅनेजर मला ‘ए वायरवाले’ म्हणून हाक मारायचा त्याने खांद्यावर हात ठेवला. प्रोग्रामवाल्या कंपनीचं पत्र आलं, शनिवारी आमचा मेळावा आहे, दहा मिनिटं बोला. बायकोने नवा शर्ट काढून ठेवला.

बुधवारी संध्याकाळी ताई घरी आली. फोन न करता ती कधी येत नाही. चप्पल काढायच्या आधीच तिने पिशवीतून माझ्या लेखाची छापील प्रत काढली. साहेबांनी तिच्या टेबलावर ठेवलेली, लाल पेनाने खुणा केलेली.

“शुक्रवारी मिटिंग आहे,” ती म्हणाली. “आमचा विभाग बंद करायचा का, त्यावर. महिनाअखेरीला करार संपतोय, पुढचा देणार नाहीत.”

मी म्हटलं, “अगं पण यंत्र खरंच वाचतंय, मी काय करू? विज्ञान कुणासाठी थांबत नाही.” शप्पथ, हेच म्हणालो. तोंडात तयार होतं.

“ते माझं अक्षर आहे,” ताई म्हणाली.

मला कळेना.

“अरे, तू म्हणालास नीट दिसतील अशी पाठव. मूळ पानं फोटोत दिसत नाहीत म्हणून मी माझ्या नकला पाठवल्या. पान फार खराब असलं की मी आधी हाताने उतरवून घेते, मग टाइप करते. कोरा कागद देत नाहीत आम्हाला, म्हणून जुन्या वह्यांची मागची कोरी पानं वापरायची. सगळ्याजणी तेच करतो. मला वाटलं, तुला कळेल.”

मी फोटो उघडले. पहिल्या इयत्तेपासून दहावीपर्यंत माझ्या प्रत्येक पुस्तकावर ज्या अक्षरात माझं नाव होतं, तेच ते अक्षर. यंत्राने वाचलं होतं ताईचं सुवाच्य अक्षर. कोंबडीपाय, घाईवाला, रडका यांच्यातलं एक अक्षरही त्याच्या वाट्याला गेलं नव्हतं. अवघड होतं ते सगळं ताईने आधीच निस्तरून दिलं होतं.

“तू साहेबांना सांगितलंस का?”

“सांगितलं. ते म्हणाले, लेखात तर सत्तर वर्षांपूर्वीची पानं असं लिहिलंय. तुमचा भाऊच ना तो? मग त्याला लिहू दे तसं, मी मिटिंगमध्ये ठेवतो.” ती पहिल्यांदाच खाली बसली. “उद्या लिही. एवढंच. माझी चूक म्हण हवं तर, मी चुकीची पानं पाठवली म्हण.”

“उद्या लिहितो,” मी म्हटलं. बायको आतून म्हणाली, “ताई, जेवूनच जा.” ताई थांबली नाही.

गुरुवारी मी लिहायला बसलो. ‘माझी चाचणी चुकली’ असं शीर्षक टाइप केलं आणि बघत बसलो. साठ हजार लोक. त्यांतले निम्मे अशा चुकीची वाटच बघत असतात. मीही दुसऱ्यांच्या चुकांवर वर्षानुवर्षं तेच केलंय. आणि शनिवारी मेळावा. व्यासपीठावर काय सांगू, की सख्ख्या बहिणीचं अक्षर ओळखता आलं नाही इतका मी गाढव आहे? मी हिशेब मांडला. शनिवार उरकू, रविवारी सदरात सविस्तर लिहू, रीतसर. तोवर जुन्या लेखाच्या तळाशी एक ओळ टाकली, ‘चाचणीतील पाने तुलनेने सुस्थितीत होती, याची नोंद घ्यावी.’ ताईला कळवलं, टाकलंय.

ती ओळ तिने छापून नेली. साहेबांनी वाचली म्हणे मोठ्याने. “सुस्थितीत म्हणजे काय? जुनीच ना? मग झालं की.” मिटिंग पाव तासात संपली.

रविवारी मी सगळं लिहिलं. वाचलं तीनशे जणांनी. साहेबांना पाठवलं, ते म्हणाले, “आधी का नाही बोललात? आता वर सही झाली.” खरंच होतं. मेळाव्यात मला एक पिशवी आणि एक पाण्याची बाटली मिळाली होती, दोन्हींवर कंपनीचं चिन्ह. महिनाअखेरीला तिघी घरी बसल्या.

ताईने मला दोष दिला नाही, असं लोकांना वाटतं, कारण ती भांडली नाही. भावजींनी दिला. “तुमचं मत आम्हाला भलतंच महाग पडलं,” असं तोंडावर म्हणाले आणि सहा महिने बोलले नाहीत. ताई बोलायची. पण ‘काय शास्त्रज्ञ’ बंद झालं. “हं, बोल,” एवढंच.

मग परवा कचेरीचं प्रसिद्धिपत्रक आलं. तंत्रज्ञानावर लिहिणाऱ्या सगळ्यांना पाठवलं होतं, त्यात मीही. यंत्राने जुन्या वह्या नव्याने वाचल्या आणि पूर्वीच्या हाताने भरलेल्या नोंदी त्याच्याशी ताडून पाहिल्या. जिथे फरक दिसला तिथे यंत्राचं बरोबर धरून नोंद बदलली. ‘अकरा वर्षांतील एकतीस हजार मानवी चुका दुरुस्त.’ शेवटी विनंती, कृपया चार ओळी लिहाव्यात.

माझं डोकंच फिरलं. त्या एकतीस हजारांत ताईने प्रामाणिकपणे ‘वाचता येत नाही’ लिहिलेल्या जागा होत्या. तिथे यंत्राने ठोकून दिली होती नावं, कारण ‘मला येत नाही’ म्हणायला त्याला शिकवलेलंच नाही. आणि अकरा वर्षं जी ओळ ओळ खिडकीशी धरून लावली, ती पुसून त्यावर ह्याचा अंदाज! उद्या कुणी आजोबा शोधत येईल आणि त्याच्या हातात भलत्याच माणसाचा जन्म ठेवतील. शिक्का मारून.

मी रविवारची वाट पाहिली नाही. ऑफिसात बसूनच लिहिलं, कामाच्या वेळेत, एका दमात. हातचं काही राखलं नाही. माझी चाचणी, तीन नकला, मेळावा, ती भेकड ओळ. यंत्र कसं थापा मारतंय ते. आणि लिहिलं, ‘ज्या बाईच्या नावावर ह्या एकतीस हजार चुका खपवल्या जात आहेत ती माझी सख्खी बहीण आहे. तिने अकरा वर्षांत अंदाजाने एक नाव लिहिलेलं नाही.’ लिहिताना डोळे भरून आले. टाकलं. लोकांनी उचलून धरलं, तासाभरात हजारो. मला वाटलं, फेडलं थोडं तरी.

चार वाजता ताईचा फोन आला.

“हे तू काय केलंस?”

“खरं लिहिलं, ताई. आता सगळं—”

“मला विचारायचं तरी होतंस.” तिचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. “त्या पत्रकात कुणाचं नाव नव्हतं रे. तिघी होतो आम्ही. कुणाला माहीत होतं कोण ते? सोमवारपासून मला त्या मोठ्या ग्रंथालयात जायचं होतं, जुनी हस्तलिखितं वाचायला. कालच हो म्हणाले होते. तुला सांगणारच होते. आत्ता त्यांचा फोन आला. अर्जात मी कचेरी आणि अकरा वर्षं लिहिली होती, ती तुझ्या लेखाशी जुळली. तिथल्या बाई म्हणाल्या, एकतीस हजार चुकांवाल्या तुम्हीच का?”

“पण मी तर लिहिलंय की चुका नाहीत—”

“त्यांनी आकडा वाचला,” ताई म्हणाली. “म्हणाल्या, प्रकरण निवळलं की कळवू.”

मी म्हटलं, काढून टाकतो. “काढ,” ती म्हणाली, आणि पलीकडून भावजींचा आवाज आला, “ठेव तो फोन.” तिने ठेवला.

मी लेख काढला. तोवर बावीस हजार जणांनी पुढे पाठवला होता, कौतुकानेच. खाली एकाने लिहिलं होतं, ‘भाऊ असावा तर असा.’ मी काढलेला लेख त्या शेऱ्यासकट अजून फिरतोय.