मशीनमधले सोंडे

कोठ्यातल्या फळीवर पिशवी नव्हती.

बकारामने आधी फळीवर हात फिरवला, मग फळीखाली वाकून पाहिलं, मग शेजारचा तणसाचा ढीग दोन्ही हातांनी उपसला. पिशवीला पाय फुटत नाहीत हे त्यालाही कळत होतं. पण ती कुणी नेली असेल हे मनात आणायची त्याची हिंमत होत नव्हती.

"अवो, हिमांशूची माय! इथली पिशवी कुठी गेली?"

मंदाबाई चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. "हिमांशूनं नेली. साडेदहाच्या बसनं गेला ना अर्जुनीले."

"तो तं शनवारी जानार होता!"

"शनवारी ते दुरुस्तीवाली गुंजन लग्नाले जाऊन राहिली म्हने, दुकान बंद. म्हून आजच गेला. काऊन?"

बकाराम तणसावरच मटकन बसला. त्या पिशवीत हिमांशूचं गेम खेळायचं मशीन होतं. आणि त्या मशीनच्या शेजारी, फडक्यात गुंडाळलेली, कीड मारायला धानात टाकायची गोळी होती. ती त्याने स्वतःच्या हाताने ठेवली होती, आणि घरात कुणाला एका शब्दाने सांगितलं नव्हतं.

का सांगितलं नव्हतं, त्याची गोष्ट अकरा दिवसांपूर्वीची. हिमांशू नागपूरला नोकरीला. पहिल्या वर्षाच्या पगारातून साठवून त्याने ते मशीन घेतलं होतं आणि सुट्टीत केशोरीला येताना ते टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेऊन आला होता. बैठकीत कूलरच्या बाजूला स्टुलावर ठेवलं. बकाराम कूलरमध्ये पाइप सोडून पानठेल्यावर गेला आणि गोष्टींच्या नादात पाइप विसरला. टाकी भरली, वाहिली, आणि स्टुलावरचं सगळं न्हाऊन निघालं.

मंदाबाईने लगेच उपाय केला. मागच्या वर्षी तिचा फोन पाण्याने भरलेल्या धानाच्या बांधीत पडला होता, तो तांदळात ठेवल्यावर जिवंत झाला होता. मग मशीन तरी काय वेगळं? तिने ते तांदळाच्या डब्यात उभं पुरलं आणि वरून झाकण लावलं. आठ दिवसांनी काढलं. वायर लावल्यावर दिवा लागला, आतला पंखा घरघरला, आणि हवेच्या जाळीतून एकामागून एक सोंडे बाहेर येऊ लागले. तांदळातले किडे नवीन घर पाहून आत शिरले होते. मग पंखा अडकला आणि दिवाही गेला.

"अजून वॉरंटी आहे," हिमांशू म्हणाला होता. "गोंदियाले कंपनीचं सेंटर आहे, ते बदलून देते. पन पानी गेलं असं सांगाचं नाही. सांगतलं का वॉरंटी गेली. आनि आत किडे दिसले तं ते हातच नाही लावनार. आधी गुंजनकडून साफ करून आनतो." आणि मग बापाकडे वळून, "बाबा, तुमी आता कशालेच हात लावू नोका. पाया पडतो तुमच्या."

पाया पडतो म्हणाला, पण स्वर पाया पडायचा नव्हता. पंचावन्न वर्षांच्या माणसाला पोराने असं बोलावं आणि त्याला उलट बोलता येऊ नये, ही काही सुखाची गोष्ट नाही. बकारामला ते लागलं. आणि लागलं की बकाराम गप्प बसणाऱ्यातला नाही, काहीतरी करून दाखवणाऱ्यातला. सोंडे कसे मारायचे हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. तीस वर्षं तो धान साठवायच्या ढोल्यांतले सोंडे मारत आला होता. गोळी टाकायची, तोंड बांधायचं, तीन दिवस उघडायचं नाही, मग मोकळ्या हवेत ठेवायचं. पोराला शनिवारी साफ मशीन हातात द्यायचं. मग बोल म्हणावं.

काल संध्याकाळी त्याने तेच केलं होतं. आणि पोराने आज ती बांधलेली पिशवी पाहिली असेल, धूळ लागू नये म्हणून बापाने बांधली असं समजला असेल, आणि तशीच खोक्यात घालून नेली असेल.

गोळीचा धूर दिसत नाही. तिचा वायू निघतो, तो नुसता हवेत मिसळतो. शेजारच्या श्यामलालने एकदा झोपायच्या खोलीतच ढोलीला गोळी लावली होती. रात्रीतून कोपऱ्यातल्या डालीखालच्या सातही कोंबड्या मेल्या. माणसं वाचली ती खिडकीची काच फुटलेली होती म्हणून. सकाळी त्या कोंबड्या टोपलीत भरून पुरायला बकारामच गेला होता. एकीच्याही अंगावर साधा ओरखडा नव्हता.

आणि गुंजनचं दुकान? हिमांशूनेच कौतुकाने सांगितलं होतं. अर्जुनीच्या भोजराज शेतकऱ्याची ही पोरगी त्याच्यासोबत आयटीआयला होती. स्टेशनजवळ तिने एवढीशी खोली घेतली, काचेचं दार लावलं, एसी लावला. बारीक काम असतं, धूळ चालत नाही, म्हणून दार सदा बंद.

त्याने फोन काढला. घाईत दोनदा भलताच नंबर लागला. तिसऱ्यांदा हिमांशू बोलला. मागे बसचा खडखडाट होता.

"हिमांशू, ती पिशवी उघडू नोको."

"काऊन?"

इथे सांगायचं होतं. चार शब्द होते, आत गोळी आहे बाबू, एवढेच. बकारामने तोंडही उघडलं. पण त्याला पोराचा तो आवाज ऐकू आला, कशालेच हात लावू नोका म्हणणारा, आणि त्याने शब्द बदलले.

"असंच. मी येऊन राहिलो. मी आल्याबिगर उघडू नोको."

"बाबा, तुमाले एकदा सांगतलं ना, तुमी त्या मशीनच्या मागं... हॅलो? हॅलो..."

फोन कटला. बस जंगलपट्टीत शिरली होती. परत लावला, तर बाई सांगू लागली की समोरची व्यक्ती संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे. पुन्हा लावला. पुन्हा तीच बाई.

मंदाबाई आता दारात येऊन उभी होती. नवऱ्याचा चेहरा पाहून तिने विचारलं, आणि त्याने सांगितलं. तिने कपाळावर हात मारला नाही की रडली नाही. तिने खुंटीवरची मोटारसायकलची चाबी काढून त्याच्या अंगावर फेकली.

"माह्या एकुलता एक पोट्टा आहे तो. तुमाले लाज वाटली? आधी त्याले वाचवा, मंग लाजा. निघा!"

रस्ता त्याच्या पायाखालचा होता, पण आज तो संपता संपेना. कालव्याच्या कडेने इटियाडोह धरणाच्या पाण्यावरचं उन्हाळी धान पिवळं पडलं होतं आणि कापणी जोरात चालली होती. एका वळणावर हार्वेस्टर सगळा रस्ता अडवून रांगत होता. बकाराम हॉर्न वाजवत राहिला. ड्रायव्हरने मान वळवून पाहिलं आणि निवांत पुढे पाहू लागला. बकारामने गाडी बांधीच्या धुऱ्यावरून घातली, पडता पडता सावरला, आणि पुढे काढली. मागून ड्रायव्हरने दिलेली शिवी त्याला ऐकू आली नाही.

जंगल संपताना थांबून त्याने फोन लावला. यावेळी रिंग गेली. तो जीव कानात आणून ऐकत राहिला. रिंग पूर्ण वाजली आणि बंद झाली. पुन्हा लावला. पुन्हा वाजून बंद झाली. संपर्क नव्हता तेव्हा निदान आशा होती, आता रिंग जात होती आणि पोरगा उचलत नव्हता. बकारामला टोपलीतल्या कोंबड्या दिसू लागल्या. तो मोठ्याने बोलू लागला, देवाशी की स्वतःशी कोण जाणे. "माह्या जीव घे, पन त्याले काही करू नोको."

दुकान सापडायला वेळ लागला नाही. काचेच्या दारावर कागद चिकटवला होता, कृपया दार बंद ठेवावे. दार बंद होतं. आत ट्यूबलाइट जळत होती, एसी चालू होता. टेबलावर खोकं फाडलेलं. पिशवी मोकळी. मशीन उताणं, आणि त्याच्याशेजारी बकारामच्या जुन्या धोतराचं फडकं, गाठ सुटलेलं. खुर्ची आडवी पडली होती. खुर्चीजवळ पोरीची एक चप्पल आणि हिमांशूचा फोन.

त्याने दार ढकललं. सडक्या लसणासारखा वास नाकात गेला. गमछा तोंडावर दाबून तो टेबलाखाली वाकला, मागच्या पडद्याआड डोकावला. कुणी नव्हतं. फोन उचलून तो बाहेर आला, दाराला खुर्ची अडकवून ते सताड उघडं ठेवलं आणि पायरीवर बसून ओकला.

"अजी, तुमी कोन?" समोरची चहाची टपरीवाली पुष्पाबाई धावत आली. "त्या पोट्टीले पाहाले आले का? भोवळ आली जी तिले. उलट्या करून राहिली होती. तुमच्यासारख्या तोंडाचा एक पोट्टा होता संग, त्यानं आटोत घालून सरकारी दवाखान्यात नेलं. ऊन लागलं म्हने."

"आत कोनी जाऊ देऊ नोका," बकाराम म्हणाला. "कुत्रंसुद्धा. आत जहर आहे."

पुष्पाबाईने पदर तोंडाला लावला. तो कधीच गाडीवर बसला होता.

दवाखान्यात उन्हाचे पेशंट भरले होते. मे महिन्यात तिथे जो येतो तो ऊन लागूनच येतो, त्यामुळे गुंजनलाही सलाईन लावून, कपाळावर ओली पट्टी ठेवून कोपऱ्यातल्या खाटेवर निजवलं होतं. उशाशी तिचा बाप भोजराज वर्तमानपत्राने वारा घालत होता. हिमांशू भिंतीला टेकून बसला होता. जिवंत होता. ओठ पांढरे पडले होते, छातीवर हात दाबून धरला होता, पण जिवंत होता. बकारामला रडू फुटलं.

"बाबा, तुमी कायले आले?" हिमांशू कसंबसं म्हणाला. "ऊन लागलं फक्त. मलेबी मळमळून राहिलं."

तरुण डॉक्टरीणबाई हातात कागद घेऊन भोजराजला सांगत होती की ही बाटली संपली की पोरीला घरी न्या, गार खोलीत निजू द्या, लिंबूपाणी द्या. भोजराज हात जोडून हो हो म्हणत होता.

आता गप्प बसलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. हा विचार बकारामच्या मनात आला, खोटं कशाला बोलावं. एका क्षणापुरता आला, आणि त्या क्षणाची त्याला स्वतःचीच इतकी भीती वाटली की तो ओरडलाच.

"ऊन नाही लागलं! गोळी आहे! धानाची गोळी! मी टाकली!"

डॉक्टरीणबाईने त्याला दंडाला धरून बाजूला घेतलं आणि भराभर विचारलं, किती गोळ्या, कधी टाकली, खोली केवढी, किती वेळ आत होते. तो सांगत गेला. कूलरचा पाइप, तांदूळ, सोंडे, फडकं, सगळं. तिने कागद फाडला आणि नर्सला हाक मारली. दोघांनाही ऑक्सिजन लावा, ईसीजी काढा, १०८ बोलवा, गोंदियाला पाठवायचं आहे.

भोजराज उभा राहिला. तो धानाचाच शेतकरी. गोळी म्हणजे काय हे त्याला समजावून सांगायची गरज नव्हती. तो बकारामसमोर आला आणि बकारामने मान खाली घातली, मार खायला. भोजराजने मारलं नाही. त्याचं तोंड वेडंवाकडं झालं आणि तो एवढंच म्हणाला, "गोळी टाकली तं सांगत नाही का रे मानूस?"

दुसऱ्या दिवशी दुपारी गोंदियाच्या डॉक्टरांनी सांगितलं की धोका टळला, दोघांचीही हृदयं नीट चालताहेत, अजून एक दिवस ठेवू. गुंजनने आईच्या हातची पेज घेतली. मंदाबाई नवऱ्याकडे पाठ करून तिच्या खाटेपाशी बसून होती.

हिमांशू डोळे मिटून पडला होता. त्याचा फोन बकारामच्या खिशात होता, तो वाजला. कंपनीची बाई होती, हिंदीत बोलत होती. सरांनी मशीन बदलून मागितलं आहे, वॉरंटी संपत आली आहे, तर मशीनमध्ये पाणी वगैरे गेलं होतं का, एवढंच कन्फर्म करायचं होतं.

"गया था," बकाराम म्हणाला. "कूलर का पानी गया था, मॅडम. पाइप मैंने छोड़ा था. फिर चावल में रखा, तो उसमें सोंडे घुस गए. फिर मैंने धान की गोली डाली. किसी को बताया नहीं. दो बच्चे मरते मरते बचे. लिख लो, मॅडम. सब लिख लो."

मग बाई हळू आवाजात म्हणाली की सॉरी अंकल, मग तर बदलून नाही मिळणार. आणि बच्चे अब ठीक हैं ना?

"ठीक हैं," म्हणत त्याने फोन ठेवला. वळून पाहिलं तर हिमांशूचे डोळे उघडे होते. त्याने नाकावरचा मास्क बाजूला केला.

"बाबा, मी बसमंदी होतो तवा तुमचा फोन आला होता. तवा माहीत होतं तुमाले?"

"होतं."

"ह्या बाईले ओळखत ना पाळखत, तिले सारं सांगतलं. मले काऊन नाही सांगतलं?"

बकारामने गमछ्याने तोंड पुसलं. खोटं बोलायला आता काही उरलं नव्हतं.

"तू रागावशील म्हून भेव लागलं," तो म्हणाला.

हिमांशू बापाकडे पाहत राहिला. मग त्याचे डोळे भरून आले. त्याने तोंड भिंतीकडे वळवलं, पण सलाईन लावलेला हात मागे, बाप बसला होता त्या बाजूलाच राहू दिला. बकारामने तो दोन्ही हातांत धरला, सुई हलू नये असा, आणि पोरगा झोपेपर्यंत सोडला नाही.