आठवडाभरात उरकलेलं वर्ष

छत्रीवाल्यांना ‘नाही’ म्हणता येत नसे. हा काही सद्गुण वगैरे नव्हे, धंद्यातली खोड. पावसाळ्यात छत्र्या आणि रेनकोट, थंडीत स्वेटर आणि मफलर, उन्हाळ्यात टोप्या असा ऋतूप्रमाणे माल बदलणारं त्यांचं दुकान. गिऱ्हाईक भर उन्हाळ्यात मफलर मागायला आलं तरी ‘आहे की!’ म्हणत शिडीवर चढायचं, हे अंगात मुरलेलं. त्यामुळे बायकोच्या कॅमेऱ्यानं बारीक अक्षरांत काहीतरी विचारलं, तेव्हा चष्मा घरी विसरलेल्या छत्रीवाल्यांनी सवयीनं ‘हो’ दाबलं.

कॅमेऱ्यानं विचारलं होतं, सगळे फोटो पुसून टाकू का?

ते फोटो म्हणजे बायकोचं अख्खं वर्ष होतं. दर रविवारी पहाटे ती कॅमेरा गळ्यात अडकवून बाहेर पडायची आणि छत्रीवाले उठून दात घासत असताना परत यायची. शहरातला घड्याळाचा मनोरा, नदीवरचा पूल, नगरभवन, वाचनालयाच्या पायऱ्या, सगळं पावसात, थंडीत, पानगळीत, उन्हात. परत आली की चेहरा असा टवटवीत की बघत राहावं. ‘कलेनं माणूस ताजंतवानं होतं,’ असं छत्रीवाले गिऱ्हाइकांना ऐकवत. स्वतः मात्र त्यांनी एकही फोटो पाहिलेला नव्हता. ‘छापून आले की बघा,’ असं ती म्हणे, आणि तेही बरं म्हणत.

आता वाचनालयाच्या सभागृहात त्या फोटोंचं प्रदर्शन ठरलं होतं. बायकोचं सगळं आयुष्य गल्ल्यामागे गेलेलं. पाटीवर नाव नवऱ्याचं, बिलावर नाव नवऱ्याचं. तिचं स्वतःचं नाव मोठ्या अक्षरांत प्रथमच लागणार होतं. उद्घाटनाआधी आठवडाभर ती लेकीकडे गेली आणि जाताना नवऱ्यावर एकच काम सोपवून गेली: कॅमेऱ्यातलं कार्ड आणि फोटोंखाली लावायच्या पट्ट्या छपाईवाल्याला नेऊन द्यायच्या. वाटेत थोडं डोकावून बघावं म्हणून छत्रीवाल्यांनी कॅमेरा उघडला, एवढंच त्यांचं पाप. नंतर कॅमेरा अजून चालतोय का हे तपासायला त्यांनी दुकानातल्या पंख्याचे पन्नासेक फोटो काढले, ते दुसरं.

“काका, यात नुसता पंखा आहे,” छपाईवाला म्हणाला. “आधीचं काही परत मिळत नाही. पंख्याखाली गेलं सगळं.”

छत्रीवाले तडक शेजारच्या शिंप्याकडे गेले. शिंपी त्यांचा लंगोटीयार. त्यानं सगळं ऐकून घेतलं, तोंडातल्या टाचण्या काढून ठेवल्या आणि विचारलं, “वहिनींना सांगणार आहेस?”

“वेडा आहेस का?”

“मग काढ परत.”

“अरे, वर्षभराचे फोटो आहेत! बाहेर ऊन बघ. पाऊस कुठून आणू?”

“छत्र्या कुणाच्या दुकानात आहेत?” शिंपी म्हणाला. “स्वेटर कुणाच्या दुकानात आहेत? तुझ्याकडे अख्खं वर्ष माळ्यावर पडलंय, आणि मला कसलं विचारतोस!”

झालं. शहाणपणाची गोष्ट बाजूला पडली आणि दोन साठीची माणसं कामाला लागली. ऊन चढायच्या आत उरकायचं म्हणून पहाटेच निघायचं ठरलं. छत्रीवाले सूर्याआधी उठल्याची ही पहिलीच वेळ, त्यामुळे पहिल्या दिवशी त्यांनी दोन पायांत दोन वेगळ्या चपला घातल्या.

पाऊस पाडायला बागेतला माळी तयार झाला. मनोऱ्यासमोरच्या हिरवळीला तो रोज पाणी घालायचाच. आज त्यानं पाइप आकाशाकडे धरला. शिंपी नवी कोरी काळी छत्री उघडून घाईघाईनं रस्ता ओलांडू लागला. घाई दिसेना म्हणून छत्रीवाल्यांनी त्याला पुन्हा धावायला लावलं, मग पुन्हा. “आता पाय घसरू दे जरा,” असं म्हणायला आणि शिंपी खरोखर घसरायला एकच गाठ पडली. शिव्या फोटोत येत नाहीत, हे बरं.

थंडीला जास्त माणसं लागणार होती. नगरभवनासमोर पहिल्या बसची वाट बघत उभ्या असलेल्यांना छत्रीवाल्यांनी स्वेटर, कानटोप्या आणि मफलर वाटले. लोकांना वाटलं जाहिरात आहे. सगळे हसतमुख उभे राहिले. “हसू नका, कुडकुडा!” छत्रीवाले ओरडत होते. कुडकुडणार कसले? घामानं लोकांची नाकं चमकत होती. तेवढ्यात बस आली आणि तीन स्वेटर तिच्यात बसून निघून गेले. एका बाईंनी मात्र अंगातला स्वेटर चाचपून भाव विचारला आणि घासाघीस करून विकत घेतला. छत्रीवाल्यांना तेवढ्या घाईतही धन्य वाटलं.

धुकं ही शिंप्याची करामत. पुलाच्या कठड्याशी त्यानं स्टूल मांडलं, त्यावर ओलं फडकं, आणि कोळशाची इस्त्री त्यावर टेकवली. चुर्र झालं, वाफेचा लोट उठला आणि कॅमेऱ्यापुढे पूल खरोखरच पुसट झाला. छत्रीवाले हरखून गेले. वाफ विरायच्या आत बटण दाबायचं, पुन्हा फडकं भिजवायचं, पुन्हा इस्त्री. पाण्यावर पहिला उजेड आला तेव्हा ते बटण दाबायचं विसरले आणि नुसते बघत राहिले. इतकी वर्षं आपण या वेळी काय करत होतो, असा प्रश्न त्यांना पडला. मग फडकं जळाल्याचा वास आला.

पानगळ माळ्यानं पोत्यात भरून दिली. शिंप्यानं वाचनालयाच्या गच्चीतून ती मूठमूठ खाली सोडली. पायऱ्या नुकत्याच झाडून कंबर सरळ करणाऱ्या सफाईवालीनं हे पाहिलं आणि दोघांच्या हातात दोन झाडू दिले. उन्हाळ्याचा फोटो तेवढा खरा होता. नेमका तोच बघून छपाईवाला म्हणाला, “काका, हे ऊन काही पटत नाही हो.”

बायको परत आली ती थेट सभागृहात. फोटो भिंतींवर लागले होते, खाली तिनं तयार केलेल्या पट्ट्या: ‘मनोरा, पाऊस’, ‘पूल, धुकं’. रस्त्याच्या पलीकडून नवऱ्याच्या कॉलरवरचा डाग ओळखणारी बाई ती! पावसाच्या फोटोपुढे ती बराच वेळ उभी राहिली. एकदा जवळ गेली, एकदा मागे सरली.

“छान आलेत,” ती म्हणाली आणि पदरानं कपाळ टिपलं.

छत्रीवाले खूश व्हायचे ते चिंतेत पडले. फोटोत शिंप्याच्या छत्रीला किमतीचं लेबल लोंबत होतं. आकाश स्वच्छ निळं होतं. आणि ही म्हणते, छान आलेत? वर्षभर राबून काढलेले आपलेच फोटो हिला ओळखू येऊ नयेत?

उद्घाटनाला गर्दी लोटली. ग्रंथपाल बाई भाषणात म्हणाल्या, “इतकं सुंदर धुकं! ताई, कितीला उठत होता तुम्ही?”

बायको चाचरली. तिची नजर पहिल्या रांगेत धाकट्या बहिणीला शोधू लागली. पण धाकटी जागेवर नव्हती. ती उठून धुक्याच्या फोटोला नाक लावून उभी होती, आणि तिचा चेहरा लालबुंद झाला होता.

“हा माझा नाही!” ती ओरडली. “ताई, माझ्या फोटोत होडी होती! हा माझा फोटोच नाही!”

छत्रीवाले घाईघाईनं पुढे झाले. “तुझा? तुझा फोटो कसा असेल? फोटो हिचे.”

दोघी बहिणींनी एकमेकींकडे पाहिलं. मग बायकोनं कपाळाला हात लावला.

“अहो, फोटो हीच काढायची,” ती हळूच म्हणाली. “मी हिच्याकडे जायचे, कॅमेरा हिच्या हातात द्यायचे आणि हिच्या अंथरुणात झोपायचे.”

“झोपायचीस? म्हणजे तो टवटवीत चेहरा...”

“झोपेचा होता.”

“घरी काय पलंग नाही?”

“घरी तुम्ही घोरता. साधं नाही, शटर ओढल्यासारखं. वर्षानुवर्षं माझा डोळ्याला डोळा लागलेला नाही. आठवड्यातली एक पहाट मिळायची, तीही चोरून.”

“मग सांगायचं ना मला!”

“कितीदा सांगितलं. तेव्हा तुम्ही झोपलेले असायचात.”

छत्रीवाल्यांनी मग आपलंही सांगून टाकलं: कॅमेरा, पंखा, पाइप, इस्त्री. बायकोचं नाव लागावं, एवढंच त्यांना हवं होतं.

“पण तुला लेबल दिसलं कसं नाही?” त्यांनी विचारलं.

“दिसलं की! त्या शिंपीभावजींचं टक्कलसुद्धा दिसलं. मी आधी फोटो कुठे पाहिले होते, पट्ट्यासुद्धा हिनं सांगितल्या तशा लिहिल्या. मला वाटलं, हिनंच आळस केला आणि एका दिवसात शिंप्याला उभं करून उरकलं. पण जाब विचारू कुठल्या तोंडानं?”

“मी आळस केला?” धाकटीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. “वर्षभर थंडी-पावसात मी उभी राहिले. ग्रंथपाल बाईंनी कॅमेऱ्यात डोकावून एकदोन फोटोंचं कौतुक केलं तेव्हा तू ते गपकन आपल्या नावावर घेतलंस. मी म्हटलं, जाऊ दे, ताई आहे. आणि आता नाव तुझं, फोटो भावोजींचे, टक्कल शिंप्याचं! माझं काय आहे या भिंतीवर?”

थोरलीची खरोखर चूक होती, आणि ती तिला आत्ता, सगळ्यांसमोर कळत होती. तिनं धाकटीचा हात धरला. “माझं चुकलं गं,” ती म्हणाली. “झोपेसाठी मी तुझं वर्ष घेतलं.” मग तिनं भिंतीवरची आपल्या नावाची पाटी स्वतःच्या हातानं काढून उलटी ठेवली.

धाकटीनं डोळे पुसले आणि ग्रंथपाल बाईंच्या हातातून माइक घेतला.

“मंडळी,” ती म्हणाली, “हे सगळे फोटो आमच्या भावोजींनी या आठवड्यात, याच उन्हात काढलेत. माझे यापेक्षा चांगले होते. ते पुढच्या वर्षी बघायला मिळतील, माझ्या नावानं. तोवर यातल्या चुका शोधा.”

मागून शिंपी ओरडला, “छत्रीचं लेबल!” आणि जे सुरू झालं ते आवरेना. लोक भिंतींना चिकटले. कुणाला थंडीत घामेजलेलं नाक सापडलं, कुणाला धुक्यात इस्त्रीची मूठ. एका पोरीनं तर पानगळीच्या फोटोत हिरवीगार झाडं मोजायला घेतली. इतकी गर्दी वाचनालयानं पुस्तकांसाठी कधी पाहिली नव्हती. धाकटी फोटोंपुढून फिरत प्रत्येकाला ‘उजेड चुकलाय’, ‘कोन चुकलाय’ असं समजावत होती, आणि लोक तिचं ऐकत होते.

छत्रीवाले आणि त्यांची बायको मागच्या बाकावर बसून राहिले. मग बायकोनं पुलाच्या फोटोकडे बोट दाखवलं.

“हे सगळं खरंच पहाटे उठून काढलंत?”

“हो. रोज.”

“स्वतःहून? अंधारात? अंथरूण सोडून?”

“तुझ्यासाठी गं,” छत्रीवाले म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले.

बायकोचेही भरले. तिनं त्यांचा हात घट्ट धरला.

“अहो, जन्मात पहिल्यांदा तुम्ही पहाटे पलंग मोकळा केलात,” ती हुंदका देत म्हणाली, “आणि नेमकी मी लेकीकडे!”